दहा टीएमसी, जमिनीखाली

तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्करुगावूरच्या शिवलिंगावर पाणी घालत नाहीत. लिंग वारुळाच्या मातीचं आहे. रोज घागरी ओतल्या तर विरघळून जाईल, म्हणून त्याला पुनुगु लावतात, म्हणजे आपले जुने लोक ज्याला जवादी म्हणत ते सुगंधी द्रव्य. देवळाबाहेर पडावं तर चारी बाजूंना भाताची खाचरं पाण्याने डबडबलेली, आणि मधे गाभाऱ्यात मुल्लैवननाथ कोरडाच. कावेरीच्या मुलखात पाण्याला हात न लावणारा बहुधा हा एवढाच.

इथे येणारे बहुतेक लोक महादेवासाठी येत नाहीत. ते शेजारच्या गर्भरक्षांबिकेसाठी येतात. ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणं, ‘ऊर’ म्हणजे गाव. मूल हवं असेल तर तूप, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून एरंडेल, असा इथला प्रसाद. निध्रुव ऋषींच्या पत्नीचा गर्भ शापाने धोक्यात आला, तो देवीने घटात राखला, अशी कथा. मूल जन्मलं, त्याला दूध हवं, म्हणून कामधेनू आली. तिचंही दूध पुरेना तेव्हा तिने खुराने जमीन उकरली आणि दुधाचं तळं झालं. ते क्षीरकुंड देवळासमोरच आहे. जवळच हरिद्वारमंगलम म्हणून गाव आहे, तिथली कथा आणखी खोल जाते: शिवाच्या पायाचा ठाव घ्यायला वराहरूपी विष्णूने इथेच जमीन खणली म्हणतात. या पट्ट्यात जमीन उकरून वर काही आणण्याला पुराणाचा भक्कम आधार आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

कुंभकोणमहून पापनाशममार्गे हे गाव वीसेक किलोमीटरवर. वाटेत पूल इतके लागतात की नदी कुठली आणि कालवा कुठला हे नवख्याला कळत नाही. गावाच्या अंगाने वाहतो तो वेट्टार. मेट्टूरचं पाणी कल्लणैला, म्हणजे करिकाल चोळाच्या नावावर असलेल्या जुन्या बंधाऱ्यापाशी येतं. तिथे कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अनिकट कालवा अशा वाटा फुटतात, जास्तीचं पाणी कोळ्ळिडममध्ये जातं. वेण्णारला पुढे तेन्पेरंबूरपाशी वेट्टार आणि वडवार फुटतात. वेट्टारमधून चर, चरातून पोटचर, पोटचरातून खाचर. आपल्या नद्या लहान ओढे पोटात घेत मोठ्या होतात. ही नदी उलट वागते, वाटत वाटत बारीक होते आणि समुद्रापाशी पोचेतो तिचं बोटभर उरतं. वाटपाचं हे जाळं शतकानुशतकं चोख मोजलेलं आहे. कुठल्या दरवाजातून किती पाणी सुटलं याचा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो.

माझा विषय मात्र या वाहत्या पाण्याच्या खालचा आहे. त्याचा आकडा कुठल्याच वर्तमानपत्रात रोज येत नाही.

* * *

डेल्टातल्या शेतकऱ्याचं वर्ष १२ जूनला सुरू होतं. मेट्टूर धरणाचे दरवाजे त्या दिवशी उघडायचे आणि २८ जानेवारीला मिटायचे, असा रिवाज. धरण १९३४ सालचं, साठा ९३.४७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आपल्या कोयनेपेक्षा थोडं लहान. वेळेवर पाणी आलं तर कुरुवै हे साडेतीन महिन्यांचं भातपीक निघतं आणि त्याच रानात ताळडी लागते. उशीर झाला तर एकच लांब मुदतीचं पीक घ्यायचं, सांबा. जानेवारीत सांबा कापणीला आला की उभ्या भातातच उडीद किंवा मूग फोकायचा. जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, त्याला पाणी देत नाहीत. हिशेबाचा शेवटचा पैसाही वाया न घालवणारी ही पद्धत. आपल्याकडे हरभरा असाच ओलीवर यायचा, त्याची आठवण होते.

हे वेळापत्रक मेट्टूर वेळेवर उघडेल या भरवशावर बसवलेलं. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं १२ जूनचा मुहूर्त हुकला. २०१७ साली तर पाणी सुटायला २ ऑक्टोबर उजाडला. २०२० साली मुहूर्त साधला, २०२२ साली उलट २४ मे रोजीच दरवाजे उघडले, २०२४ साली पुन्हा जुलै संपत आला. कावेरीचं वरचं पाणी कर्नाटकात अडतं, कर्नाटकात ते पावसावर अवलंबून, आणि पाऊस कुणाच्याच ताब्यात नाही.

मग ज्या वर्षी पाणी येत नाही त्या वर्षी कुरुवै होत नाही का? होते. ज्याच्याकडे बोअर आहे त्याची होते.

साठच्या दशकापासून इथे ‘फिल्टर पॉइंट’ आले. तंजावर हा देशातल्या ‘पॅकेज’ कार्यक्रमाच्या पहिल्या सात जिल्ह्यांपैकी एक. नवं बी, रासायनिक खत, कर्ज आणि त्याच्या जोडीला पंप. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्राची एडीटी-२७ ही जात १९६५ ची. लवकर येणारं पीक हवं तर लवकर पाणी हवं, आणि नदीचं पाणी तर तारखेला बांधलेलं. इथली जमीन गाळाची, काळा पाषाण लागायची भीती नाही. काही फुटांवर वाळूचा थर लागला की जाळीची नळी उतरवायची, वर पाच हॉर्सपॉवरची मोटर ठेवायची, झालं. आपल्याकडे विहीर म्हणजे सुरुंग, यारी, दोन उन्हाळ्यांची मेहनत आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कर्ज. माझ्या आजोळी विहिरीला पाणी लागेपर्यंत पाणाड्याने तीन नारळ फिरवले होते आणि तिन्ही वेळा खडक लागला होता. तंजावरच्या माणसाला पाणाड्या ही काय चीज आहे हे समजावून सांगावं लागेल.

या फिल्टर पॉइंटमध्ये एक गोष्ट आपसूक होती, तिचं मोल तेव्हा कुणी केलं नाही. वर ठेवलेला पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या जिवावर. पुस्तकात ही मर्यादा १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-आठ मीटर, म्हणजे पंचवीस फुटांच्या आसपास. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप नुसता गुरगुरतो. मग शेतकरी थांबायचा. नदी वाहती झाली, वाळूतून आणि खाचरांतून पाणी खाली मुरलं, पातळी वर आली की पुन्हा मोटर सुरू. मर्यादा कायद्यात नव्हती, यंत्रातच होती आणि ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी होती.

सबमर्सिबल पंपाने ती मोडली. पाण्यातच बुडालेला पंप ओढत नाही, ढकलतो. त्याला पंचवीस फुटांचं सोयरसुतक नाही. ज्याला परवडलं त्याने काही शे फूट खाली नळी सोडली. शेजाऱ्याचा फिल्टर पॉइंट आटला. मग शेजाऱ्यानेही खोल जायचं, किंवा या बोअरवाल्याकडून पाणी विकत घ्यायचं, तासावर नाहीतर पिकाच्या वाट्यावर. इथली बरीच जमीन देवस्थानांची आणि मठांची, कसणारा कूळ. त्याने कुणाच्या नावावर बोअर घ्यायचं, हा प्रश्न वेगळाच.

विजेने उरलंसुरलं काम केलं. तामिळनाडूत १९८४ साली लहान शेतकऱ्यांची शेतीची वीज फुकट झाली, १९९० पासून सगळ्यांची. राज्यात आज २० लाखांहून अधिक शेतीपंप आहेत आणि त्यांतले बहुतेक बिनमीटरचे. मेट्टूर वेळेवर उघडलं नाही तर सरकार कुरुवैसाठी खास पॅकेज जाहीर करतं. गेल्या दशकात त्यात बारा तास थ्री-फेज वीज असायची. म्हणजे नदी आटली की सरकार स्वतःच सांगतं, आता खालचं उपसा.

इथेच सगळी गोम आहे. या प्रदेशात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा ईशान्य मोसमीचा. तो काही खाली जातो, पण जमिनीखालचं पाणी भरायला नदी, कालवे आणि पाणी साचलेली खाचरं फार मोठं काम करतात. खालचं पाणी हे निराळं पाणीच नाही, ते कालचं कावेरीचं पाणी. ज्या वर्षी मेट्टूर उघडत नाही त्या वर्षी हा भरणा होत नाही आणि नेमकी त्याच वर्षी उचल सर्वांत जास्त. बँकेच्या खात्याचं असं कुणी केलं तर मॅनेजर घरी येईल.

२०१६ साली ईशान्य मोसमी पाऊस सरासरीच्या ६२ टक्क्यांनी कमी पडला. नदी नव्हती, पाऊस नव्हता, आणि उथळ नळ्यांना पाणी नव्हतं. २०१७ च्या जानेवारीत राज्याने सगळे ३२ जिल्हे दुष्काळग्रस्त जाहीर केले. मार्चमध्ये अय्याकण्णूंच्या नेतृत्वाखाली शेतकरी दिल्लीत जंतरमंतरवर कवट्या घेऊन बसले. आपल्याकडच्या वाहिन्यांनी कवट्या दाखवल्या. त्या कुठल्या पाण्याअभावी आल्या हे दाखवायला वेळ मिळाला नाही.

* * *

आता दिल्लीतलीच दुसरी गोष्ट. कावेरीचं भांडण १८९२ आणि १९२४ च्या करारांपासूनचं. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ च्या फेब्रुवारीत त्याने अंतिम निवाडा दिला: तामिळनाडू ४१९ टीएमसी, कर्नाटक २७०, केरळ ३०, पुदुच्चेरी ७. निवाड्यात एक कलम असं होतं की, कोणत्याही राज्याने भूजल वापरलं तर तो कावेरीच्या पाण्याचा वापर धरायचा नाही. वरचं मोजा, खालचं सोडा.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी दीपक मिश्रा, अमिताव रॉय आणि अजय खानविलकर यांच्या पीठाने निकाल दिला. कर्नाटकाला १४.७५ टीएमसी वाढवून मिळाले, तामिळनाडूचे तेवढे कमी झाले. कर्नाटकाने सोडायचं पाणी १९२ वरून १७७.२५ वर आलं. वाढवलेल्यातले पावणेपाच टीएमसी बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्याचे. ते वर्तमानपत्रांनी ठळक छापलं. उरलेले १० टीएमसी कशाचे? तामिळनाडूच्या जमिनीखाली २० टीएमसी भूजल असल्याचा पुरावा आहे, लवादाने तो हिशेबात घेतला नाही, पण सगळं उपसणं धोक्याचं, म्हणून निदान निम्मं धरू, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या तळघरात धान्य आहे, तेव्हा कोठीतून तेवढं कमी देतो, असा हा हिशेब.

दहा टीएमसी म्हणजे किती? पुणेकरांसाठी सांगायचं तर एक पानशेत धरण. भाताच्या एका पिकाला ढोबळ १२०० मिलिमीटर पाणी धरलं तर ५८ हजार एकर भात.

न्यायालयाचं तत्त्व मला चुकीचं वाटत नाही. नदी आणि भूजल एकाच पाण्याची दोन रूपं आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका आंतरराज्य वाटपात आकड्याने मान्य केलं, ही मोठी गोष्ट. अडचण पुढे आहे. नदीच्या १७७ टीएमसीसाठी २०१८ सालीच कावेरी जलव्यवस्थापन प्राधिकरण बसलं, त्याच्या बैठका होतात, बिळिगुंडलूला कर्नाटकातून येणारं पाणी मोजलं जातं, कमी आलं तर पत्र जातं, मंत्री बोलतात. या १० टीएमसीसाठी काय आहे? ते कुणी, कुठल्या तालुक्यातून, किती उपसायचं? अकराव्या टीएमसीला कोण हटकणार? वेट्टारच्या काठी ज्याच्या मळ्यात नळी उतरली आहे त्याला आपण या दहाच्या आत आहोत की बाहेर, हे कळायची सोय नाही. राज्याच्या नावावर पाणी मांडलं गेलं, गावाच्या नावावर मांडलं गेलं नाही.

कायद्याकडे जावं तर तो १८८२ सालात उभा आहे. सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखाली झिरपणारं पाणी जमीनमालक उपसू शकतो. जमीन ज्याची, पाणी त्याचं. तामिळनाडूने २००३ साली भूजलाचा कायदा केला होता: परवाने, नोंदणी, प्राधिकरण, सगळं कागदावर. दहा वर्षं तो प्रत्यक्षात आलाच नाही आणि २०१३ साली रद्द झाला. जन्मालाच न आलेल्या कायद्याचं असं श्राद्ध आपल्याकडे नवीन नाही, पण गर्भरक्षांबिकेच्या जिल्ह्यात ते जास्त खुपतं.

मोजणी होत नाही असं नाही. केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्य मिळून अंदाज काढतात, आणि तामिळनाडूत तो फिरक्यानुसार निघतो. फिरका हा तालुक्याखालचा महसुली भाग. शब्द आपल्या ओळखीचा, अर्थ निराळा. भरणा होतो त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर फिरका सुरक्षित, ९० च्या पुढे गेला की चिंताजनक, १०० ओलांडले की अतिशोषित. तंजावर जिल्ह्यातल्या अनेक फिरक्यांवर अतिशोषित हा शिक्का बसलेला आहे. नदीच्या तोंडाशी, गाळाच्या शेकडो फुटांवर बसलेल्या जिल्ह्यात! मराठवाड्यात हा शिक्का बसला तर समजू शकतं. शिक्का बसल्याने होतं काय, तर नवीन कर्जाच्या, जोडणीच्या अर्जावर शेरा येतो. जुना पंप चालूच राहतो.

* * *

मी तंजावरच्या प्रश्नाकडे मराठी म्हणूनही पाहतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी १६७० च्या दशकात इथे आले आणि १८५५ पर्यंत या दरबाराचा कारभार मराठीतही चालला. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरलेलं आहे. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणममध्येच जन्मले. सरफोजी राजांच्या काळात तंजावर शहरात तळी, विहिरी आणि जमिनीखालचे नाले बांधले गेले. शेवप्पनायकन एरीतलं पावसाचं पाणी शिवगंगा तळ्यात आणि तिथून शहरातल्या विहिरींपर्यंत नेण्याची नायक काळापासूनची व्यवस्था होती. विहीर उपसायची तर तळं भरलेलं ठेवायचं, हे त्या रचनेतच होतं.

इथला एक शब्द ऐकून मराठी कान टवकारतात: कुडिमरामत्तु. ‘कुडि’ म्हणजे रयत आणि ‘मरामत्तु’ म्हणजे आपली मरामत. गाळ काढणं, बांध घालणं, चर साफ करणं हे ज्याच्या शेताला पाणी मिळतं त्यानेच करायचं, घरटी माणूस द्यायचा. शब्द फारसीतून थेट गेला की मराठीच्या वाटेने, यावर भाषेच्या लोकांनी भांडावं. ती पद्धत मोडली, २०१७ साली राज्य सरकारने त्याच नावाने योजना काढून ती जागवायचा प्रयत्न केला. बरीचशी कंत्राटी कामं झाली असा आक्षेपही आला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे: चराला मरामत्तु आहे, पाणी कमी असलं तर ‘मुरै’ आहे, म्हणजे आपली पाळी. आज तुझी, उद्या माझी. बोअरला मुरै नाही. त्याच माणसाला, त्याच गावात, वरच्या पाण्यासाठी पाळी कळते आणि खालच्या पाण्यासाठी कळत नाही, याचं कारण स्वभावात शोधू नये. चराचं पाणी डोळ्यांना दिसतं आणि ते शेजाऱ्याच्या शेतातून येतं.

शेवटच्या टोकाची गावं, इथल्या भाषेत ‘कडैमडै’, ही या गोष्टीतली सर्वांत गप्प बाजू. नागपट्टिनम, वेदारण्यमच्या बाजूला खालचं पाणी खारं. तिथे बोअर घेऊन उपयोग नाही. तिथला शेतकरी धूळपेरणी करतो, कोरड्या मातीत भात टाकून पाण्याची वाट पाहतो. शब्दही जवळपास आपलाच, ‘पुळुदि विदैप्पु’, धुळीतली पेर. वरच्या अंगाच्या गावांनी उपसा वाढवला, नदीतली वाळू उचलली गेली, पात्र खाली गेलं, की पाणी टोकाला पोचायला आणखी उशीर. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुक्कोंबूला कोळ्ळिडमवरच्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे पुरात वाहून गेले तेव्हा वाळूउपशाकडे अनेकांनी बोट दाखवलं. टोकाला पाणी लवकर पोचावं म्हणून कालव्याच्या तळाशी काँक्रीट घालायचं काम निघालं, तर ग्रँड अनिकट कालव्यावर शेतकरी आडवे झाले: तळ बंद केलात तर पाणी मुरणार कुठे? गळती म्हणजे वाया, हे अभियंत्याचं गणित. गळती म्हणजे विहीर, हे शेतकऱ्याचं. डेल्टात मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे.

याच शेतकऱ्यांनी भूजलासाठी मोठी लढाई जिंकलेली आहे, हेही सांगायला हवं. मन्नारगुडीच्या पट्ट्यात कोळशाच्या थरातला मिथेन काढायचा प्रकल्प आला, त्याला आधी थरातलं पाणी उपसून टाकावं लागतं. सेंद्रिय शेतीचे प्रचारक नम्माळ्वार त्याविरुद्ध गावोगाव फिरत असताना ३० डिसेंबर २०१३ रोजी पट्टुक्कोट्टैजवळ वारले. प्रकल्प बारगळला. २०२० साली राज्याने डेल्टा संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून कायद्याने जाहीर केला, नव्या तेल-वायू उत्खननाला बंदी आली. कंपनीने पाणी उपसू नये यावर सगळ्यांचं एकमत. आपण किती उपसावं यावर बैठकही नाही.

* * *

या लेखासाठी जगभरचे कायदे चाळताना मला एक उदाहरण कामाचं वाटलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, वायव्येच्या सपाट मैदानावर, ओगल्लाला नावाच्या प्रचंड भूजलसाठ्यावर मका पिकतो. तिथे शेरिडन-६ या भागातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून स्वतःवर मर्यादा घालून घेतली: पाच वर्षांत मिळून एकरी ५५ इंच पाणी, आधीपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी. वर्षाला अमुक असं न ठरवता पाच वर्षांचं एकत्र दिलं, म्हणजे कोरड्या साली जास्त घ्या, ओल्या साली राखा. प्रत्येक पंपाला मीटर. वापर ठरवल्यापेक्षाही कमी झाला आणि शेतकऱ्याच्या हातात उरणाऱ्या पैशात म्हणण्यासारखी घट आली नाही. पाच वर्षं संपल्यावर त्यांनी ती मर्यादा पुढे चालू ठेवली. कॅलिफोर्नियानेही २०१४ साली कायदा केला, पण तिथे २०४० पर्यंतची मुदत आणि वकिलांची फौज आहे.

आपल्याला कॅन्ससपर्यंत जायची तरी काय गरज? नायगावच्या विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीला न देता माणसाला दिलं, माणशी अर्धा एकर, आणि ऊस बाद. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केलं, ऊस-केळी नाकारली, आणि पावसाच्या आकड्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. दोन्हीकडे मर्यादा पिकावर घातली आहे, पंपावर पोलीस बसवलेला नाही.

ही उदाहरणं सांगताना आपण छाती फुगवू नये. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे आणि तो शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई करतो. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. लातूरच्या कुठल्याही बोअरवाल्या गाडीच्या ड्रायव्हरला हे सांगून पाहा. त्याच लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांची वीज आपल्याकडेही फुकट झाली. तामिळनाडू ज्या वळणावर १९९० साली होता तिथे आपण आता पोचलो आहोत, फरक एवढाच की त्यांच्या खाली गाळ आहे आणि आपल्या खाली बसाल्ट. त्यांची चूक सुधारायला एक बरा पावसाळा आणि वेळेवरचं मेट्टूर पुष्कळ मदत करतं. आपल्या खडकात साठाच थोडा.

तिरुक्करुगावूरच्या बाबतीत माझं मत विचाराल तर बोअर बंद करा असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये नदी यायची असताना सामुदायिक रोपवाटिकेला बोअरचं पाणी द्यावं, म्हणजे पाणी सुटताच लावणी होते. कृषी खातंही हे सुचवतं. थोड्या पाण्यात लाखो रोपं तयार होतात, हा बोअरचा उत्तम उपयोग. सांब्याच्या शेवटी नदी मिटली आणि दाणा भरायचा राहिला, तेव्हा दोन पाळ्या बोअरच्या द्याव्यात. खाचरात भोकं पाडलेली नळी पुरून पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर गेल्यावरच पुढचं पाणी द्यायचं, हेही जमण्यासारखं आहे. नदीचं पाणी तारखेने येतं, बोअरचं हव्या त्या दिवशी. म्हणून या दोहोंची जोडी चांगली.

जे थांबवायला हवं ते ‘कोडै’चं भात, उन्हाळी भात. फेब्रुवारी ते मे, नदी मिटलेली, पाऊस नाही, खाली भरणा शून्य, वर कडक ऊन, आणि मळ्यात घोटाभर पाणी. हे पीक संपूर्ण उपशावर उभं असतं. मर्यादा घालायचीच तर पहिली इथे घालावी. आणि ती घालताना शेतकऱ्याला दोष देऊ नये, कारण सरकारी खरेदी केंद्रावर भात हमखास जातो. उडदाला तो भरवसा नाही. आपल्याकडे कारखाना ऊस नेतो आणि ज्वारी बाजारात पडून राहते, तसंच हे. उडदाची खरेदी केंद्रावर तितक्याच मुकाट्याने होऊ लागली तर अर्धी मर्यादा कायद्याशिवाय पाळली जाईल. उरलेल्या अर्ध्यासाठी मीटर लागेल. बिलासाठी लावू नका, फिरक्याच्या ताळेबंदासाठी लावा, आणि आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. फुकट विजेला हात घालणारा पक्ष तामिळनाडूत निवडून येणार नाही, महाराष्ट्रातही येणार नाही; तेव्हा ते भांडण बाजूला ठेवूनच काम करावं लागेल. केंद्राच्या अटल भूजल योजनेने गावांकडून असाच ताळेबंद करून घेतला. तिच्या सात राज्यांत महाराष्ट्र होता, तामिळनाडू नव्हता.

* * *

परतताना कुंभकोणमला थांबलात तर महामहम तळं पाहा. बारा वर्षांनी इथे मेळा भरतो, मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे. लाखो लोक तळ्यात उतरतात, पण तीर्थ तळ्याचं नाही. तळ्याच्या तळाशी वीस विहिरी आहेत, प्रत्येकीला नदीचं किंवा देवतेचं नाव, आणि भारतातल्या नद्या त्या दिवशी जमिनीखालून या विहिरींत येतात अशी श्रद्धा. लोक एकेका विहिरीचं पाणी अंगावर घेत पुढे सरकतात. नदी आणि विहीर आतून एकच, हे ज्याने हे तळं रचलं त्याला कुठल्याही लवादाच्या आधी माहीत होतं. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका कावेरीला पूर आला म्हणून ओटी भरायला घाटावर जातात. नदी कोरडी असलेल्या वर्षांत त्या घाटावर बोअरच्या पाण्याचे फवारे लावून स्नानाची सोय केली गेली आहे.

गर्भरक्षांबिकेचं तूप आणायला जाल तेव्हा देवळामागे जाऊन वेट्टारही बघून या. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पात्रात वाळू असेल आणि काठच्या एखाद्या मळ्यात उन्हाळी भाताला पाणी चालू असेल. सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेलं वाटप पंधरा वर्षांसाठी आहे. २०३३ च्या फेब्रुवारीत ती मुदत संपते.